मान बाहेरचा, माप घरचे



आज मी तुमच्याशी मानसन्मानांविषयी चार गोष्टी बोलणार आहे. विषय कुणाला शहरी वाटेल. परभणीहून गाडी पूर्णेकडे निघाली की वाटेत पिंगळीचे स्टेशन लागते. त्या स्टेशनावर उतरणाऱ्या शेतकऱ्याला, किंवा तिथल्या शाळेत शिकविणाऱ्या गुरुजींना, ऑस्लो, मनिला आणि लंडन इथे वाटल्या जाणाऱ्या पारितोषिकांशी काय कर्तव्य, असा प्रश्न कुणी विचारील. पण आता बातमी बांधावर येऊन पोहोचते. औत सोडून झाडाखाली बसलेला माणूसही मोबाईल उघडून पाहतो की जगाने आज कुणाला मोठे म्हटले. मग आपणही त्याला मोठा म्हणतो. आणि ज्याला जगाने काही म्हटले नाही, तो आपल्याच आळीत राहत असला तरी आपल्या नजरेत भरत नाही. या सवयीविषयी मला बोलायचे आहे.

मी जुन्या वळणाचा माणूस आहे. बाहेरून आलेला मान नाकारावा असे माझे म्हणणे नाही. पाहुण्याने दिलेला आहेर आपण डोळ्याला लावून घेतो, ती आपली रीत आहे. पण पाहुण्याच्या आहेरावरून कुणी आपल्या लेकराची किंमत करीत नाही. किंमत करण्याचे माप घरचे असावे लागते.

मोंढ्यात माल नेणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सोयाबीनची पोती गाडीतून उतरली की तो आधी काट्याकडे पाहतो. काटा कुणाचा, त्याची पडताळणी झाली आहे का, तोलणारा हात कुठे दाबतो, हे तो बारकाईने बघतो. मग भावाची गोष्ट निघते. पारितोषिकाच्या बाबतीतही हीच चौकशी करायला काय हरकत आहे?

ती आपण करून पाहू. नोबेल पारितोषिक हे आल्फ्रेड नोबेल या स्वीडिश गृहस्थाच्या १८९५ सालच्या मृत्युपत्रातून निघाले आणि १९०१ पासून दिले जाऊ लागले. डायनामाइट शोधून काढणारे ते हेच. त्यांतले शांततेचे पारितोषिक कुणाला द्यायचे, हे नॉर्वेच्या संसदेने नेमलेली पाच माणसे ठरवितात. मॅगसेसे पुरस्कार फिलिपाइन्सचे अध्यक्ष रामोन मॅगसेसे यांच्या नावाने आहे. ते १९५७ च्या मार्चमध्ये विमान अपघातात गेले, आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर घराण्याच्या निधीतून त्यांच्या स्मरणार्थ हा पुरस्कार सुरू झाला. शिक्षकांसाठी जागतिक पुरस्कार देणारी वार्की फाउंडेशन ही संस्था ज्यांनी काढली, त्या सनी वार्की यांचा व्यवसाय आखाती देशांत खाजगी शाळा चालविण्याचा.

यांत कुणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने पैसा ठेवला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण प्रत्येक पारितोषिकामागे कुणाचा तरी पैसा, कुणाची तरी समिती आणि कुणाची तरी आवडनिवड असते. ते आकाशातून पडत नाही. म्हणून ते मिळाले तर आनंद मानावा, आणि नाही मिळाले तर आपल्याकडे काही कमी होते असे समजू नये.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. महात्मा गांधींचे नाव शांततेच्या नोबेलसाठी १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ असे पाच वेळा सुचविले गेले. पारितोषिक त्यांना एकदाही मिळाले नाही. १९४८ च्या जानेवारीत त्यांची हत्या झाली, आणि त्या वर्षी समितीने, योग्य असा कुणी हयात उमेदवार नाही, असे सांगून कुणालाच पारितोषिक दिले नाही. श्रोतेहो, यात नुकसान कुणाचे झाले? गांधीजींचे मोठेपण एका कणानेही घटले नाही. त्या यादीत मात्र एक जागा कायमची रिकामी राहिली, आणि ती रिकामी आहे हे पुढे त्या समितीच्या लोकांनाही बोचत राहिले.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण नुकतेच घडले आहे. २०२५ चे शांततेचे नोबेल व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचाडो यांना जाहीर झाले. आपल्यालाच ते मिळायला हवे, असे अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प जाहीरपणे पुन्हा पुन्हा सांगत होते. २०२६ च्या जानेवारीत माचाडोबाईंनी आपले पदक नेऊन त्यांच्या हाती दिले. तेव्हा नॉर्वेच्या समितीला खुलासा करावा लागला की पदक एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, पण पारितोषिकाचा मान जाऊ शकत नाही. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या प्रमुखाला जे कळायला जड गेले, ते आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीचा फड पाहणाऱ्या पोरालाही कळते. गदा हातात घेऊन फोटो काढता येतो. कुस्ती दुसऱ्याने मारलेली असते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू.

१९५८ साली मॅगसेसे पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. लोकनेतृत्वासाठीचा पहिला पुरस्कार मिळाला आचार्य विनोबा भावे यांना. विनोबा कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचे. पण ज्या कामासाठी त्यांना मान मिळाला, त्याचा आरंभ आपल्या जुन्या हैदराबाद राज्यात झाला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी नावाचे एक जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केली. त्या वेळी पोचमपल्ली आणि पिंगळी ही दोन्ही गावे एकाच राज्यात होती. परभणी जिल्हा त्या राज्यातून बाहेर पडला तो १९५६ साली. म्हणजे भूदान ही आपल्या शेजारची घटना. ती मनिलाला कळायच्या आधी सात वर्षे विनोबांचे पाय खेड्यापाड्यांच्या धुळीत चालत होते.

आणि भूदानाचे पुढे काय झाले, तेही पुरस्काराने ठरविले नाही. दान मिळालेली बरीच जमीन खडकाळ निघाली, काही कज्ज्यांत अडकली, काही वाटलीच गेली नाही. जिथे गावाने मन घातले तिथे भूमिहीनाच्या नावाचा सातबारा झाला. जिथे घातले नाही तिथे दानपत्राचा कागद तेवढा राहिला. परक्या मानाने काम उजळते, पण तडीला जात नाही. तडीला न्यायचे ते गावानेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता तुमच्या जवळची गोष्ट सांगतो. ३ डिसेंबर २०२० रोजी लंडनहून जाहीर झाले की त्या वर्षीचा जागतिक शिक्षक पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना मिळाला आहे. रक्कम दहा लाख डॉलर, त्या वेळच्या हिशेबाने सात कोटी रुपयांच्या वर. डिसले गुरुजींनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. आपल्या संस्काराला शोभेल अशीच ती गोष्ट झाली. जेवायला बसलेल्या पंगतीत एकट्याच्या ताटात वाढू नये, हे आपल्याला घरी शिकवितात.

मग काय झाले? महाराष्ट्रभर अभिनंदनाचे फलक लागले. कित्येक फलकांवर गुरुजींचा फोटो लहान आणि पुढाऱ्यांचे फोटो मोठे. पुढे २०२२ साली त्यांच्या रजेवरून आणि हजेरीवरून वर्तमानपत्रांत वाद सुरू झाला, आणि ज्यांनी हार घातले त्यांतलेच काही जण दोष काढू लागले. त्या वादाचा निवाडा करणे हे माझे काम नाही. मला एवढेच दिसते की हार घालतानाही आणि दोष काढतानाही कुणी फारसे विचारले नाही की, या गुरुजींनी वर्गात नेमके केले काय?

ते समजून घेण्यासारखे आहे. पुरस्काराच्या वेळी जी माहिती देण्यात आली ती अशी, की ते २००९ साली त्या शाळेवर गेले तेव्हा इमारतीच्या एका बाजूला गोठा होता. मुलांच्या घरची बोली कानडी, आणि पुस्तके होती दुसऱ्या भाषेत. गुरुजी कानडी शिकले, पुस्तकातले धडे त्यांनी मुलांच्या बोलीत आणले, आणि पानावर ठशासारखी चौकोनी खूण छापून मोबाईलवर धडा ऐकण्याची, पाहण्याची सोय केली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही अशा खुणा आल्या. यातले यंत्र बाजूला ठेवले तर उरते ते जुनेच आहे: लेकराला त्याच्या मायबोलीतून शिकवावे, आणि त्यासाठी मास्तरने स्वतः आधी विद्यार्थी व्हावे. हे काम करायला लंडनची परवानगी लागत नाही. ज्या तांड्यावर मूल बंजारा बोली घेऊन शाळेत येते तिथे, ज्या मोहल्ल्यातून मूल उर्दू घेऊन येते तिथे, उद्या सकाळी दहा वाजता ते सुरू करता येते.

इथे एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. परितेवाडीची शाळा ही वाडीवरची लहान शाळा. जगाने गौरविले ते अशा शाळेला. आणि २०२३ साली आपल्याच राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. सरकारचीही अडचण असते. पाच मुलांना दोन शिक्षक कसे द्यायचे, हा हिशेब त्यांना करावा लागतो. पण वाडीवरची शाळा उठली की आधी कुणाचे शिक्षण थांबते, हे गावातल्या बाईला विचारा. ओढा ओलांडून दोन कोस लेकीला पाठवायला आईबाप धजत नाहीत. तेव्हा ज्या पुढाऱ्यांनी २०२० साली फलक लावले, त्यांना या प्रश्नावर तोंड उघडायला लावणे हाच त्या पुरस्काराचा खरा सत्कार होय.

संस्कृतीच्या बाबतीतही हेच घडते आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. दोन्ही बातम्यांनी ऊर भरून आला, माझाही आला. श्रेय कुणाचे यावर पक्षापक्षांत ओढाताणही झाली, ती नेहमीचीच. पण रायगड मोठा आहे हे आपल्याला पॅरिसच्या बैठकीने सांगितले काय? आणि यादीत नाव आल्यावर गडावर प्लास्टिकच्या बाटल्या टाकणारे हात थांबले काय? भाषेचेही तेच. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याच्या निर्णयावरून राज्यात मोठे वादळ उठले, आणि २९ जूनला सरकारने तो निर्णय मागे घेतला. भाषेसाठी लोक उठले, हे बरेच झाले. पण मोर्च्याने आणि दाखल्याने भाषा जगत नाही. तिसरीच्या मुलाला मराठीचे एक पान न अडखळता वाचता आले, आणि वाचलेले आपल्या शब्दांत आजीला सांगता आले, तर ती जगते.

याचा चांगला दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. सेलू तालुक्यातल्या वालूर गावी जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या चक्रासारख्या वळत वळत पाण्याकडे उतरतात. अशी रचना फार दुर्मीळ. ती गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, आणि मग लांबलांबून लोक ती बघायला येऊ लागले. इथे आधी घमेली उचलली गेली, आणि मान मागून चालत आला. हा क्रम मला पसंत आहे.

आता तुमच्यातला एखादा तरुण मनात म्हणत असेल, “काका, हे सगळे ठीक. पण घरचे माप तरी कुठे खरे होते? गावानेच किती जणांना पायरीखाली उभे केले!” प्रश्न रास्त आहे, आणि जुन्या वळणाच्या माणसाने त्याला बगल देऊ नये.

गंगाखेडची जनाबाई घ्या. दासी म्हणून जन्म काढलेली बाई. पण सातशे वर्षे झाली, जात्यावर बसलेल्या बायांच्या ओठी तिचे नाव आहे. तिला कोणत्या समितीने निवडले? आपल्याच लोकांनी तिला संतांच्या मांदियाळीत बसविले, म्हणजे आपल्या मापात खरेपणा होता. पण त्याच पंढरीत चोखोबा देवळाबाहेर राहिले, आणि त्यांच्यामागे त्यांच्या जातीची माणसे शेकडो वर्षे बाहेरच राहिली. म्हणजे आपल्याच काट्यात मोठी खोटही होती. ती काढली कुणी? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले, आणि विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. विठ्ठलाला मानणाऱ्या माणसानेच विठ्ठलाचे दार उघडविले. त्यांना त्याबद्दल परदेशातून कोणते पदक आले नाही, आणि त्यांनी त्याची वाटही पाहिली नाही.

मोंढ्यातला काटा चुकीचा निघाला तर आपण काटाच फेकून देऊन शेजाऱ्याच्या अंदाजाने माल विकत नाही. वजनमापवाल्याला बोलावतो, काटा पडताळून घेतो, शिक्का मारून घेतो आणि पुन्हा तोलायला लागतो. समाजाच्या मापाचेही तसेच करायला पाहिजे. कधी कधी बाहेरचा माणूस आपली खोट दाखवून देतो. त्याचे उपकार मानावेत. पण दुरुस्ती आपणच करायची, कारण उद्या तोलायचे आहे ते आपल्यालाच.

मग करायचे काय? मी तीन साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट गावासाठी. १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो. झेंडावंदन होते, पुढारी एकमेकांना शाल आणि नारळ देतात आणि फोटो निघतात. त्या दिवशी गावाने एकाच माणसाचा सत्कार करावा, आणि तो असा की ज्याने मागितला नाही. दुष्काळात पाणंद मोकळी करणारा असेल, बाळंतिणीसाठी रात्री धावणारी आशाताई असेल, बांधाचा वाद कोर्टात न नेता मिटविणारा म्हातारा असेल. कारण मात्र चार ओळींत लिहून, उभे राहून वाचून दाखवावे. कारण सांगता येत नसेल तर सत्कार करू नये. आणि निवडणाऱ्यांत सर्व आळ्यांची माणसे असावीत, म्हणजे काटा आपोआप पडताळला जाईल.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. मोठ्या पुरस्काराची बातमी आली की फळ्यावर ती लिहा, पण तिच्याखाली तीन प्रश्नही लिहा: या माणसाने केले काय? ते कुणाच्या उपयोगी पडले? आणि आपल्या गावात असे कोण करीत आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मुलांना गावात पाठवा. ती जे लिहून आणतील ते सुट्टीच्या दिवशी पालकांपुढे वाचा. वर्षभरात गावाची एक वही तयार होईल, आणि ती वही कोणत्याही चरित्रकोशाइतकी खरी असेल.

तिसरी गोष्ट आईबापांसाठी. आपली हुशार पोरे पुण्यामुंबईला आणि त्याच्याही पलीकडे जातात. जावीत, पोटाला आणि विद्येला सीमा नसते. पण जाणाऱ्याला असे वाटू देऊ नका की इथे राहिलेला तो हरलेला. जो भाऊ राहून शेती करतो, म्हाताऱ्यांचे करतो, त्याचेही नाव घरात मानाने घ्या. हे आपल्याकडून होत नाही, म्हणून गावे रिकामी होतात.

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे, “बनी तो बनी, नहीं तो परभनी.” बाहेर जमले तर जमले, नाहीतर परभणी आहेच. लोक ती हसून म्हणतात, पण मला तिच्यात एक आधार दिसतो. हा आधार टिकायचा असेल तर परतून येणाऱ्याला इथे चालती शाळा, उपसलेली बारव आणि खरे तोलणारी माणसे भेटली पाहिजेत. ती तयारी सतरा सप्टेंबरच्या आधी आपल्या ग्रामसभेत काढा, गुरुजींना बोलवा, आणि पहिले नाव ठरवा.